गडद बटा

गुरुवार, १६ मे २०१९. दुपारी सव्वाबारा वाजता शिरूर कासारच्या बसस्टँडमागच्या गल्लीत पाण्याचा टँकर थांबला. अंजनाच्या ब्युटी पार्लरच्या मागच्या दारातून त्याचा पाइप आत गेला आणि पाचशे लिटरची टाकी भरली. अकरा मिनिटं लागली. टँकरच्या अंगावर कागद चिकटवलेला होता : पिण्याचे पाणी, मौजे हिवरदरा.

अकरा मिनिटं हा आकडा सिंधुबाईंचा आहे. सिंधुबाई हिवरदऱ्याच्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्षा. त्या वेळी त्या पार्लरच्या खुर्चीत बसल्या होत्या, समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यांच्या डोक्यावर चंदेरी कागदाच्या बावीस पट्ट्या होत्या.

सिंधुबाईंचं वय एकोणपन्नास. पस्तिशीत केस पांढरे व्हायला लागले तेव्हापासून त्या मेंदी लावत आल्या. चौदा वर्षांच्या मेंदीने केस विटकरी आणि पुढे पुढे तर नारिंगी झाले. मार्चमध्ये संस्थेच्या सभेचा रंगीत फोटो पेपरात आला. फोटोत एकवीस बायका होत्या, पण नजर एकाच डोक्यावर जात होती. "चेअरमनबाईच्या डोक्यावर पळस फुललाय," असं कार्यकारिणीतल्या छबुबाई दूध घालायला आल्या तेव्हा म्हणाल्या. सगळ्या हसल्या, सिंधुबाईही हसल्या. घरी गेल्यावर त्यांनी फोटोतला तेवढाच भाग अंगठ्याने झाकून पाहिला.

१८ मे रोजी बीडला दूध संस्थांचा जिल्हा मेळावा होता आणि त्यात सिंधुबाई बोलणार होत्या. हिवरदऱ्याला रोज टँकरची बारा हजार लिटरची एक खेप मंजूर होती. ती जनगणनेच्या आकड्यावर ठरलेली. ऊसतोडीला गेलेली माणसं एप्रिलमध्ये परत आल्यावर ती पुरेना. शिवाय दुभती जनावरं होती, ती कुठल्याच आकड्यात नव्हती. दुसरी खेप मागायची, हे गावाने सिंधुबाईंवर सोपवलं होतं.

अंजना त्यांच्या बहिणीची मुलगी. औरंगाबादला तीन महिन्यांचा कोर्स करून तिने शिरूरला पार्लर टाकलं होतं. मेळाव्याच्या आधी केस काळे करून दे, म्हणून सिंधुबाई तिच्याकडे गेल्या, तेव्हा तिने मान हलवली.

"सगळं काळं केलं ना मावशी, तर टोपी घातल्यावानी दिसंल. उन्हात निळं मारतं ते."

"मग काय करायचं?"

"लोलाइट करू. चार बटा सोडायच्या, पाचवी गडद करायची. मेंदी झाकायची न्हाई, तिच्यात सावली भरायची. थंडी सुरू झाली की औरंगाबादच्या बायका मुद्दाम करतात. रंग कसा भरल्यागत वाटतो."

"इथं कुठं थंडी ठेवलीस गं? चव्वेचाळीस डिग्री हाय."

"फोटोत डिग्री दिसत न्हाई, मावशी."

पुढे अंजना असंही म्हणाली, की केस धुवायला बोअरचं पाणी चालणार नाही. आठशे फुटांखालचं ते पाणी खारं, त्याने रंग हिरवट पडतो. गोड्या पाण्याची सोय ती करून ठेवील. कुठून करशील, हे सिंधुबाईंनी विचारलं नाही.

न विचारण्याला एक पार्श्वभूमी आहे. फेब्रुवारीत दूध संस्थेने एक ठराव केला होता. टँकर चालू असेपर्यंत कुठल्याही सभासद बाईने आठवड्यातून एकदाच डोक्यावरून पाणी घ्यायचं, तेही आपापल्या आळीच्या वाराला. वाचलेलं पाणी जनावरांना. वरच्या आळीचा वार सोमवार. ठराव सिंधुबाईंनीच मांडला होता. तीन महिन्यांत हिवरदऱ्याच्या बायकांची नजर अशी झाली होती, की केसांकडे पाहून कोणाचा वार कधी होऊन गेला, ते सांगता यायचं. सिंधुबाई वरच्या आळीत राहतात. त्या पार्लरमध्ये बसल्या तो वार गुरुवार होता.

पाइप ओढून घेताना टँकरचा ड्रायव्हर सटवा मागच्या दारातून आत डोकावला.

"अंजनाताई, चहा तरी पाज. गोडं पानी आनलंय, गंमत हाय का?"

मग त्याला आरशात चेहरा दिसला. सिंधुबाईंनी अंगावरचं कापड वर ओढायचा प्रयत्न केला, पण ते मानेमागे चिमट्याने बांधलेलं होतं.

"आर्र, चेअरमनबाई! मला वाटलं मिठाईच्या दुकानात शिरलो का काय. वरख लावलाय जनू."

कोणी हसलं नाही. सटवाने दाराची चौकट धरली आणि आवाज खाली आणला.

"म्या काय बगितलं न्हाई, बाई. तुमी बी न्हाई. बरूबर हाय का न्हाई?"

सिंधुबाईंनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबाराला चार मिनिटं कमी होती. रंग लावून अठ्ठावीस मिनिटं झाली होती आणि पस्तीस मिनिटांनी तो धुवायचा होता. डोक्यावर पट्ट्या घेऊन रस्त्यावर कसं जायचं, असा विचार आपण केला, असं त्या नंतर म्हणाल्या. आणि लगेच हेही म्हणाल्या, की रस्त्यावर जायची गरजच नव्हती. टँकर दारात होता, माणूस समोर होता, सात मिनिटं शिल्लक होती.

टँकर पुढे गेला. त्या गल्लीत तो आधी एका हॉटेलामागे थांबला होता, नंतर एका घराच्या बांधकामावर थांबला.

अंजनाने एकेक पट्टी सोडली आणि चार बादल्या पाण्याने केस धुतले. "बघ मावशी, किती मऊ पानी हाय," असं ती धुताना म्हणाली. केस वाळल्यावर तिने मागे आरसा धरला. नारिंगी रंग आत गेला होता. त्यावर गडद तपकिरी बटा अशा बसल्या होत्या, की डोकं रंगवलं आहे असं कोणी म्हणालं नसतं. काम चांगलं झालं होतं. ते तसं नोंदवायला हवं, कारण पुढे गावातल्या बायकाही तेच म्हणाल्या.

टँकर हिवरदऱ्याला दुपारी एक चाळीसला पोचला.

हिवरदऱ्यात खेप तपासायची एक पद्धत आहे. टँकरच्या मागच्या शिडीवरून एक बाई वर चढते, झाकण उघडते आणि आत बांबूची काठी सरळ सोडते. काठीवर निळी खूण आहे. काठी खुणेपर्यंत ओली होऊन आली, तर खेप पूर्ण. ही पद्धत सिंधुबाईंनी बसवली आणि काठी त्याच धरत. त्या दिवशी त्या 'बहिणीकडं जाऊन येते' म्हणून गेल्या होत्या, म्हणून काठी दगडाबाईंकडे होती. दगडाबाई भीमनगरच्या. दोन म्हशी, संस्थेत चार लिटर दूध, कार्यकारिणीवर दुसरं वर्ष.

काठी वीतभर कमी ओली आली. दगडाबाईंनी ती पुसून पुन्हा सोडली. पुन्हा तेवढीच.

"खेप कमी हाय," त्या वरूनच म्हणाल्या. "कॉक सोडू नका. आधी पंचनामा करू."

खाली एकशे सोळा घरांच्या बायका उन्हात उभ्या होत्या.

"ताई, काठी तिरपी धरली तुमी," सटवा म्हणाला. "चेअरमनबाई धरतात तवा कसं बरूबर येतं?"

"तिरपी न्हाई. वर ये, तूच बघ."

"म्या चढलो तर म्हनाल ड्रायव्हरनं काठी दाबली. मला अजून दोन गावं हायत. सोडायचं का न्हाई सांगा, न्हाईतर चाललो."

चाललो म्हटल्यावर गर्दीतून कोणीतरी कॉक सोडला. पाणी आळीपाळीने वाटलं जातं, रोज सुरुवात वेगळ्या आळीपासून. हा नियमही दोन वर्षांपूर्वी सिंधुबाईंनी आणला. त्याआधी भीमनगरचा नंबर कायम शेवटी असे. गुरुवारी सुरुवात भीमनगरपासून होते. त्यामुळे त्या दिवशी पाणी संपलं ते वरच्या आळीत. चौदा घरांना एक घागरही मिळाली नाही. त्यात छबुबाईंचं घर होतं आणि सिंधुबाईंचंही.

सिंधुबाई पाचच्या जीपने परतल्या, डोक्यावरून पदर घट्ट घेऊन. सहाला दूध संकलन सुरू झालं तेव्हा केंद्राच्या ओट्यावर भांडण चालू होतं.

"काठी कुनाच्या हातात हुती? पैलं पानी कुनाच्या दारात गेलं?" छबुबाई विचारत होत्या. "भीमनगरचे ड्रम काठोकाठ आन् आमच्या घागरी उताण्या. सरळ हिशोब हाय."

"ड्रम मापानं भरलेत," दगडाबाई म्हणाल्या. "तुमी शेजारीच उभ्या हुत्या ना?"

"उभी हुती, नंबर कवा येतो बगत. त्यो आलाच न्हाई."

"खेपच कमी आलती, छबुबाई. म्या दोनदा काठी सोडली."

"इतक्या दिवसांत कमी आली न्हाई, आजच कावून आली गं? चेअरमनबाई, तुमीच सांगा."

सगळ्या सिंधुबाईंकडे वळल्या. दगडाबाईही वळल्या. सिंधुबाईंचं स्वतःचं घर कोरडं राहिलं होतं, त्यामुळे त्या जे बोलतील ते खरं धरलं जाणार होतं. त्या जे बोलल्या ते तिथे हजर असलेल्या सहा जणींना शब्दशः आठवतं.

"दगडाबाईचा दोष न्हाई. पर काठी बघायला सराव लागतो."

दुसऱ्या दिवसापासून काठी छबुबाईंनी धरावी, असं तिथेच ठरलं. दगडाबाईंनी काठी ओट्याला टेकवून ठेवली, दुधाचं मोकळं केन उचललं आणि त्या गेल्या. सिंधुबाईंच्या जवळून जाताना त्या क्षणभर थांबल्या.

शुक्रवारी खेप निळ्या खुणेच्याही दोन बोटं वर आली. शनिवारी आणि रविवारीही तशीच. "बगा," छबुबाई शिडीवरून म्हणाल्या, "धरनाऱ्याच्या हातात असतं." सटवाने त्यांच्याकडे बघून मान डोलावली.

शनिवारी, १८ तारखेला, सिंधुबाई बीडला बोलल्या. भाषण साडेसहा मिनिटांचं झालं. कागद नव्हता. उसावरून परत आलेली माणसं, मोजणीत नसलेली जनावरं, दुधाची घट, सगळं क्रमाने सांगितलं. दुसरी खेप मागितली. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी पाणीटंचाईचं काम पाहणारे एक अधिकारी त्यांच्यापाशी आले. ते सरळ बोलणारे होते.

"ताई, जनगणनेच्या पुढं मला जाता येत नाही. दुसरी खेप अवघड आहे. पण पुष्कळ गावांत मंजूर खेपच पूर्ण पोचत नाही, वाटेत विकतात. तसं असेल तर तक्रार द्या, गाडी बदलतो, वर भरपाई म्हणून आठ दिवस जादा खेप देता येते. तुमच्याकडं खेप भरून येते का?"

सिंधुबाई म्हणाल्या, "येते."

"मग माझ्या हातात काही नाही," अधिकारी म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

रविवारी मेळाव्याचा फोटो आला. छबुबाईंनी पेपर केंद्रावर आणला. "आता बाई दिसतात. पळस झडला." एकीने विचारलं, कुठं केलं? सिंधुबाई म्हणाल्या, भाचीनं केलं. धुतलं कशानं, हे कोणी विचारलं नाही. पेपर हातोहात फिरला आणि दगडाबाईंकडे आला. त्यांनी तो पाहिला, घडी घातली आणि पुढे दिला.

सोमवारी वरच्या आळीचा वार होता. सिंधुबाईंनी डोक्यावरून पाणी घेतलं नाही. आपल्या वाटणीची बादली त्यांनी गोठ्यात नेऊन गाईपुढे ठेवली. गाईला त्या वेळी तहान नव्हती. बादली तिच्यापुढे तशीच राहिली आणि सिंधुबाई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या.

मंगळवारी, २१ तारखेला, दुपारी तीनच्या सुमारास त्या भीमनगरला गेल्या. दगडाबाई अंगणात शेण काढत होत्या. त्यांनी हात धुतले नाहीत, वाळूने घासले आणि ओट्यावर पोतं टाकलं.

"बसा."

"बसत न्हाई. एक सांगायचं हाय."

"सांगा."

सिंधुबाईंनी सांगितलं. पार्लर, पाइप, अकरा मिनिटं, सटवा काय म्हणाला, चार बादल्या. मेळाव्यातल्या अधिकाऱ्याचंही सांगितलं. मध्ये थांबल्या नाहीत. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमची काठी बरूबर हुती."

"मला म्हाईत हाय मही काठी बरूबर हुती."

"म्हंजी, पानी कमी हुतं ते म्या..."

"तुमी हुत्या तिथं, ते बी मला गुरुवारीच कळलं," दगडाबाई म्हणाल्या. "संकलनाला आलात तवा पदराखालून वास येत हुता. रंगाचा वास लपत न्हाई, बाई. आन् गुरुवार काय तुमचा वार न्हाई."

सिंधुबाईंनी खाली पाहिलं.

"मग तवाच कावून बोलल्या न्हाईत? सगळ्यांसमोर म्हनायचं ना."

"म्या म्हनलं असतं तर काय झालं असतं? दगडी पानी चोरती आन् वर चेअरमनबाईवर घालती, असं झालं असतं." त्या क्षणभर थांबल्या. "आन् खरं सांगू का? मला वाटलं तुमी बोलाल. आता बोलतील, आता बोलतील, असं करत म्या उभी हुती. तुमी सरावाचं बोललात."

"चुकलंच महं."

"मह्या दारात चुकून काय उपेग? जिथं सरावाचं बोललात तिथं सांगा. चौघीत."

"सांगते."

"कवा?"

"सोमवारी सभा हाय."

दगडाबाईंनी मान डोलावली. चहा टाकू का, असं त्यांनी विचारलं नाही. नेहमी विचारतात.

सोमवारी, २७ मे रोजी, सकाळी अकराला शाळेच्या वर्गात कार्यकारिणीची सभा भरली. नऊ जणी हजर होत्या. पाणीवाटपाचा विषय सहावा होता. पहिले पाच विषय पन्नास मिनिटांत झाले : चारा, दुधाची फॅट, संकलनाची वेळ, बंद पडलेला काटा, एका सभासदाच्या म्हशीचा विमा. सहाव्या विषयाला सिंधुबाई उभ्या राहिल्या. एरवी त्या बसून बोलतात.

"पान्याबद्दल एक सांगायचं हाय," त्या म्हणाल्या.

"सांगायचं काय त्यात," छबुबाई म्हणाल्या. "खेप बेस येतीय आता. मह्या हाताला यश हाय म्हना."

बायका हसल्या. एक म्हणाली, "छबुबाईला आता टँकरवरच बसवा, उतरूच नका." दुसरी म्हणाली, "पगार काय द्यायचा?" हसणं मिनिटभर चाललं. दगडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि सिंधुबाईंकडे पाहत होत्या. हसणं थांबलं, वर्ग शांत झाला. मग सिंधुबाई म्हणाल्या, "ह्यो विषय पुढच्या सभेत घेऊ," आणि खाली बसल्या.

आपण असं का केलं, याचं कारण त्यांना सांगता येत नाही. त्या म्हणतात, शब्द तयार होते. पहिला शब्दही ठरलेला होता. सगळ्या जणी हसून मोकळ्या झाल्या होत्या आणि त्यांच्या तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं, एवढंच त्यांना आठवतं.

सभा संपल्यावर दगडाबाईंनी सतरंजी झटकून घडी घातली, कारण त्या महिन्यात ते काम त्यांच्याकडे होतं. वर्गाला कडी लावली आणि किल्ली शिपाई धुळाजीच्या हातात दिली.

२८ मेच्या सकाळपासून दगडाबाईंचं दूध संस्थेत येत नाही. त्या चार लिटरचं केन घेऊन दीड किलोमीटरवरच्या फाट्यावर जातात आणि तिथे खाजगी डेअरीच्या गाडीत दूध घालतात. तिथे भाव कमी आहे. ३१ मेला भीमनगरमधल्या आणखी दोघींनी दूध तिकडे वळवलं. छबुबाई म्हणाल्या, "जाऊ द्या, राग हाय, उतरंल."

टँकर चालू आहे. ३० मेपासून खेप पुन्हा कमी येऊ लागली. पहिल्या दिवशी दोन बोटं, नंतर चार. छबुबाईंनी दोन दिवस ते कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सिंधुबाईंच्या घरी येऊन दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "काठी कशी धरायची असती हो नक्की?"

त्याच दिवशी, शनिवारी १ जूनला, सिंधुबाईंनी स्वतःच्या हाताने सभेची नोटीस लिहिली. सभा ८ जूनची, सकाळी अकराची, सर्व सभासदांची. विषय एकच : "दि. १६ मे रोजी पाणी कमी आले त्याबद्दल अध्यक्षांचे निवेदन." खाली सही केली. नोटीस घेऊन धुळाजी घरोघर फिरला. वाचली, अशी प्रत्येकीने सही किंवा अंगठा द्यायचा असतो. सटवाच्या कानावर ते गेलं असावं. सोमवारी खेप टाकून झाल्यावर तो संकलन केंद्रावर आला आणि निवेदन म्हणजे काय असतं, असं त्याने विचारलं. सिंधुबाई म्हणाल्या, "शनिवारी कळंल." तो म्हणाला, "मंग मला बी बोलवा, मला बी सांगायचं हाय. पार्लर कुठं हाय ते लोकास्नी म्हाईत न्हाई." तिथे तेव्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं.

६ जून, गुरुवार, संध्याकाळपर्यंतची माहिती अशी : संस्थेच्या चौऱ्याण्णव सभासदांपैकी एक्क्याण्णव जणींनी नोटिशीवर सह्या केल्या आहेत. भीमनगरच्या तिघी राहिल्या आहेत. धुळाजी त्यांच्याकडे दोनदा जाऊन आला. दोघी म्हणाल्या, दगडाबाई करतील तर आम्ही करू. दगडाबाई दोन्ही वेळा घरी नव्हत्या. म्हशी घेऊन त्या खालच्या आटलेल्या तळ्यात चारायला गेल्याचं त्यांच्या सुनेने सांगितलं. नोटीस तिने वाचून घेतली आणि परत दिली.